ब्रीडर्स कप, भडंगाचे पुडे आणि ताप आलेला घोडा: हिशोब कसा लावायचा?

कृष्णाकाठचा (सांगली)

मंडळी एक भांडण सोडवायचंय, हसू नका. आम्ही सात जण, विश्रामबागेतले, दर वर्षी अमेरिकेतला ब्रीडर्स कप (दोन दिवसांत घोड्यांच्या चौदा मोठ्या शर्यती) रात्र जागून बघतो. घोड्याचा नाद पुण्यात नोकरीला असताना लागला, पावसाळ्यात रविवार आला की रेसकोर्स, आता गावी आल्यावर ते सुटलं पण नाद काही जात नाही. पैसे लावायचे नाहीत हे घरात कबूल केलंय, म्हणून आमच्यात भडंगाचे पुडे लावतात. दहा रुपयेवाले, छोटे. प्रत्येक शर्यतीला प्रत्येकी एक पुडा, सातचा ढीग, त्यातला एक टोटवाल्याचा (टोट म्हणजे रेसकोर्सवर सगळ्यांच्या पैशांचा एक ढीग करून जिंकणाऱ्यांना वाटणारी खिडकी; आमचा टोटवाला मीच, चहा पण माझाच, लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर पण माझीच), उरलेले सहा ज्यांचा घोडा आला ते वाटून घेणार. कुणालाच नाही लागलं तर ते सहा क्लासिकच्या ढिगात. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही.

आता क्लासिक. ती मोठी शर्यत म्हणून तिला तीन-तीन पुडे आणि चिठ्ठ्या आधीच्या रविवारी, २६ ऑक्टोबर २०२५ लाच घेतल्या. ही माझी अक्कल. आमच्यातला आडतवाला (हळदीचा, सौद्यातला माणूस, त्याला वाटतं त्याला सगळ्याचा भाव कळतो) आणि मास्तर, दोघांनी सॉव्हरिन्टी लावला. आणि का लावणार नाहीत, केंटकी डर्बी त्याची, बेलमाँट त्याची, ट्रॅव्हर्स त्याची. मी सिएरा लिओन, दोघांनी फिअर्सनेस, वहिनी आणि कोल्हापूरचे पाहुणे फॉरएव्हर यंग. आणि शर्यतीच्या काही दिवस आधी सॉव्हरिन्टीला ताप आला, काढून घेतला.

शुक्रवारी रात्री पाच शर्यती झाल्या, दोन वर्षांच्या पिल्लांच्या, त्यात एकदा कुणालाच लागलं नाही. शनिवारी मध्यरात्रीनंतर उरलेल्या नऊ. टर्फमध्ये (गवतावरची लांब शर्यत) एथिकल डायमंड आला, विली मलिन्सचा, म्हणजे जो माणूस आयर्लंडात उड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध त्याचा घोडा डेल मारच्या (कॅलिफोर्नियातला रेसकोर्स, यंदाचा कप तिथंच) सपाट गवतावर येऊन सगळ्यांना मागं टाकून गेला, आमच्या एकाही कागदावर त्याचं नाव नव्हतं. ते पण सहा क्लासिकच्या ढिगात गेले. म्हणजे १२ जमा.

मग पहाटे चारच्या सुमाराला क्लासिक, आणि फॉरएव्हर यंग. जपानचा घोडा! क्लासिक जिंकणारा जपानमध्ये तयार झालेला पहिला. जॉकी साकाई वर, खाली ट्रेनर याहागी टोपी घालून. गंमत बघा, गेल्या वर्षी याच डेल मारला सिएरा लिओन पहिला, फिअर्सनेस दुसरा, फॉरएव्हर यंग तिसरा. यंदा तेच तिघं, फक्त तळातला वर आला आणि बाकीचे एकेक घर खाली. शेवटच्या सरळीत आम्ही सगळे उभे, पाहुणे सोफ्यावर उभे, आणि नेमकी कार्तिकी एकादशी. पलीकडच्या गल्लीतल्या देवळात काकड्याला निघालेली आई दारात समई घेऊन, म्हणाली कोण गेलं रे? तिला वाटलं कुणीतरी वारलं.

तर भांडण असं. आडतवाला आणि मास्तर म्हणतात आमचे तीन-तीन पुडे परत द्या, घोडा पळालाच नाही तर हरला कसा. वहिनी आणि पाहुणे म्हणतात लावलं ते लावलं. हिशोब: पुडे परत दिले नाहीत तर २१ वजा माझे ३, अधिक १२, म्हणजे ३०, दोघांना पंधरा-पंधरा. परत दिले तर १५ वजा माझे २, अधिक १२, म्हणजे २५, साडेबारा-साडेबारा. अर्धा पुडा कसा द्यायचा हा वेगळाच प्रश्न. त्यात आडतवाला आता म्हणतो परत नको, आम्हाला बदली घोडा घेऊ द्यायला हवा होता, आम्ही फॉरएव्हर यंगच घेतला असता. निकाल लागल्यावर!

आणि फिअर्सनेसवाले दोघं वेगळं तोंड वर करून बसलेत की तिसरा आला तर प्लेसचं (पहिला नाही तरी वरच्या नंबरात आल्याचं) काहीतरी द्या. नियम काय सांगतो?

पॅडॉक_पुणे

वा, टोटवाला स्वतःच खेळतो, स्वतःच कमिशन घेतो आणि स्वतःच न्यायाला येतो. आमच्या वेळी रिंगमध्ये असा बुकी असता तर लोकांनी त्याची छत्री मोडली असती :)

असो. टोटचा नियम साधा आहे, घोडा पळायच्या आधी काढला तर त्याच्यावरची तिकिटं रद्द, लावलेले पैसे परत. मुंबईत महालक्ष्मीला पण तेच, पुण्याला तेच, अमेरिकेत तेच. आणि परत म्हणजे पूर्ण परत, त्या रकमेवर टोट आपली कटती घेत नाही. तुम्ही २१ वर ३ घेतलेत ते चूक, १५ वरचे २ च बरोबर. एक पुडा गुपचूप बाहेर काढा.

पण तुमच्या पाहुण्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. इंग्लंडमध्ये बुकी लोक महिनाभर आधी डर्बीचा भाव देतात, तिथं घोडा नाही आला तर पैसे गेले, म्हणूनच तो भाव चढा मिळतो. तुम्ही रविवारी चिठ्ठी घेतली तेव्हा तो सौदा टोटचा होता की बुकीचा, हे ठरवलंत का? भाव सांगितला होता का? नाही ना? ढीग करून वाटायचा होता म्हणजे टोट. म्हणजे परत.

बदली घोडा वगैरे काही नाही. ते जॅकपॉटमध्ये असतं, अनेक शर्यतींचं एक तिकीट असतं ना, त्यातल्या एका पायरीला घोडा निघाला तर तुमचं तिकीट फेवरेटवर, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत त्या घोड्यावर जातं. एकट्या शर्यतीत ते लागू नाही, आणि आडतवाल्याने निकालानंतर मागितलं म्हणजे सौदा फुटल्यावर बोली लावण्यासारखं आहे, त्यालाच विचारा त्याच्या आडतीवर चालेल का.

प्लेसचं: आपल्याकडे घोडे पुरेसे असले की प्लेस पहिल्या तिघांना मिळते, म्हणून फिअर्सनेसवाल्यांना वाटतंय. अमेरिकेत प्लेस म्हणजे पहिले दोनच, तिसऱ्यापर्यंत पाहिजे तर त्याला शो म्हणतात आणि त्याचा ढीग वेगळा असतो. तुम्ही विनचा, म्हणजे फक्त पहिल्याचा ढीग केलात, तर त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

अर्ध्या पुड्याचं मात्र तुम्ही आपोआप अमेरिकन पद्धतीवर आलात. तिथं भाव काढताना वरचे सुटे सेंट खाली उतरवतात आणि ते टोटकडे राहतात, ब्रेकेज म्हणतात त्याला. म्हणजे दोन अर्धे मिळून एक पुडा कायद्याने तुमचा. नशीबवान आहात.

मिरजमळा

पुड्यांवर खेळताय तेच बरं आहे, कुणी ॲपची लिंक पाठवली तर त्या नादाला लागू नका. रेसकोर्सच्या आत लायसन असलेल्या टोटवर किंवा बुकीकडे लावणं वेगळं, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलंय. पण म्हणून सांगलीत बसून परदेशी साइटवर डेल मारचा घोडा लावणं कायदेशीर होत नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राचा कायदा आलाय तो वेगळाच. आणि कोर्सवर तरी काय राहिलंय, ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. शंभर रुपयांच्या तिकिटामागे चाळीस रुपये कर, मग टोटची कटती, मग मोठं लागलं तर टीडीएस. त्यापुढे कृष्णाकाठच्याचा सातातला एक पुडा म्हणजे धर्मादाय आहे.

खटावकर४४

आमच्याकडं असली भांडणं होत नाहीत लका. मैदानात पावती फाडली की फाडली, बैल आजारी पडला, गाडी पंक्चर झाली, ड्रायव्हर लग्नाला गेला, पावती परत नाय. मागच्या वर्षी आमची जोडी गटात पहिली आली, सेमीला न्यायच्या आधी एकाच्या खुरात खडा, सोडलाच नाही. साडेतीन तास टेम्पोत आणलेला, चारा, पेंड, चार पोरांचं जेवण, सगळं आपलं आपण. बंदी होती ना २०१४ पासून ते डिसेंबर २०२१ पर्यंत, तेव्हा सात वर्षं बैल नुसता दावणीला बांधून सांभाळला, ते पुडे कुणाकडं मागायचे?

बाकी घोड्याचं म्हणाल तर ताप आला म्हणून मालकानं काढला हे लई आवडलं. एवढी मोठी शर्यत, ७० लाख डॉलरचं बक्षीस, आणि तरी काढला. आमच्यात काही जण इंजेक्शन देऊन सोडतील.

नको_रे_बाबा

गंमत म्हणून ठीक आहे पण आमच्या घरात सुरुवात अशीच झाली होती, आधी चहावर, मग पार्टीवर, मग चुलत्यांनी मुंबईला जायला सुरुवात केली आणि वाळव्याकडची दीड एकर गेली. मी भडंगावर पण लावत नाही.

कृष्णाकाठचा (सांगली)

@नको_रे_बाबा तुमचं खरं आहे, म्हणूनच पुण्यातली सवय इथं आणली नाही. माझे त्या सहा वर्षांत किती गेले ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगत नाही कारण वहिनी हा धागा वाचतात.

वहिनीसाहेब

वाचतात म्हणजे काय, वाचतेच आहे. आणि भाऊजी, सहा वर्षांचं तुम्ही नाही सांगितलंत तरी तिला माहीत आहे.

माझी बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून मांडते. मी फॉरएव्हर यंग लावला तेव्हा सगळे हसले होते, म्हणे वहिनी नाव बघून लावतात. टर्फ स्प्रिंटला शिसोस्पायसी नाव बघूनच लावली, भडंगाला शोभतं म्हणून, ती आली, मान्य. पण फॉरएव्हर यंग मी अभ्यास करून लावला. तो गेल्या वर्षी केंटकी डर्बीत तिसरा आला होता, पहिल्या तिघांत नाकानाकाचं अंतर, आणि फेब्रुवारीत सौदी कप जिंकला, हाँगकाँगच्या रोमँटिक वॉरियरला शेवटच्या काही पावलांत गाठून. आणि याहागीने २०२१ ला याच डेल मारवर एका दिवसात दोन शर्यती मारल्या होत्या, त्यातली मार्श लॉरेन तर एकोणपन्नासच्या भावाची. हे मी आडतवाल्या भाऊजींना सांगितलं होतं तेव्हा ते म्हणाले जपानी गाड्या चांगल्या, घोडे नाही. आता म्हणे बदली घोडा!

आणि मुळात मला पुडे मिळाले एकादशीला. पहाटे चार वाजता जिंकले, उपास, घरात भडंगाचा ढीग, त्या सगळ्यांनी तिथंच बसून आपापले पुडे फोडले, लसणाचा वास घरभर, आणि मी साबुदाणा भिजवतेय. त्याची काही भरपाई आहे का तुमच्या टोटमध्ये?

पॅडॉक_पुणे

वहिनी, तुमच्यापुढे नियम चालत नाही. तरी पण साडेबाराच. सॉरी.

मिरजमळा

एकादशीला लसूण फोडणाऱ्यांकडून प्रत्येकी एक पुडा दंड, हे माझं मत. कलम विचारू नका.

कृष्णाकाठचा (सांगली)

झालं, मिटलं. सांगतो कसं ते.

रविवारी दिवसभर झोपायचं ठरलं होतं पण कुठलं, बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल, आमच्या सांगलीची स्मृती ओपनिंगला, पाऊस पडून सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून संपला. सलग तिसरी रात्र. तिनं ४५ केले तेव्हा गल्लीत फटाके लागले, दिवाळीतले उरलेले, आणि जिंकल्यावर तर मास्तर रडले. त्या भरात मी लोखंड गरम आहे बघून हिशोब काढला. आडतवाला आणि मास्तर यांचे तीन-तीन परत. वहिनी आणि पाहुण्यांना बारा-बारा. राहिलेला एक पुडा, ब्रेकेज म्हणून माझा, असं मी म्हणालो तर पाहुणे म्हणाले मग त्या हिशोबाने तुमच्या शुक्रवार-शनिवारच्या सगळ्या कटतीचा पण हिशोब मांडा. मांडला. तेरा शर्यतींचे तेरा, क्लासिकचे दोन, हा एक, सोळा पुडे. एकही शर्यत धड न लागता सगळ्यात जास्त भडंग माझ्याकडं. वहिनींपेक्षा पण जास्त. कुणी बोललं नाही, फक्त सगळे माझ्याकडं बघत राहिले, मग मी चार पुडे फोडून ताटात ओतले, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. द्वादशी लागायची होती म्हणून वहिनींचा वाटा झाकून ठेवला, सकाळपर्यंत सादळला. त्याबद्दल त्यांना एक नवा पुडा दिला. म्हणजे आता अकरा.

आडतवाल्याने परत मिळालेले तीन पुडे घेतलेच नाहीत. पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप कीनलंडला आहे, तिथल्या क्लासिकवर आत्ताच लावतो म्हणाला, आणि या वेळी चिठ्ठीवर लिहून घेतलंय: घोडा निघाला तर परत नाही, पण भाव दुप्पट. घोड्याचं नाव बंद पाकिटात. पुडे माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, तारीख बघितली, फेब्रुवारीपर्यंतच चालतील.