आयर्लंडमधली गावांची नावं, जुनी घराणी: तुम्ही काय ऐकलंत?

रानजाई: काल स्किबरीनला जाताना लीपची पाटी दिसली आणि आमचे पहिले घरमालक आजोबा आठवले. मी 'लीप' वाचलं तर म्हणाले, "लेप म्हण पोरी, लेप." गाडी थांबवून घळ दाखवली. इंग्रज शिपाई मागे लागले तेव्हा ओ'डोनोव्हन घराण्याच्या सरदाराने इथूनच घोडा पल्याड घातला म्हणे. आयरिश नावाचा अर्थच 'ओ'डोनोव्हनची उडी'. सांगताना डोक्यावरची टोपी काढून ती घोड्यासारखी या हातातून त्या हातात उडवली. गेल्या वर्षी गेले आजोबा. तुमच्याकडचं सांगा ना.

नाईटड्यूटी: बाहेर कोल्हा ओरडला की वॉर्डातल्या एक आजी दचकायच्या. बॅनशी रडतेय म्हणायच्या, म्हणजे घरात कुणाचं मरण जवळ आलं की रडणारी भुताची बाई. ती जुन्या घराण्यांसाठीच रडते, आडनावाआधी ओ किंवा मॅक लावणाऱ्यांसाठी. आजींचं माहेर-सासर दोन्ही ओ. हात धरून बसले, मग झोप लागली त्यांना. ब्रेक संपला, पळते.

किल्डेअरची_सून: आई घाबरली होती, 'किल'वाल्या गावात मुलगी दिली म्हणून 😀 किल म्हणजे चर्च, दारा म्हणजे ओक. ओकाच्या झाडाचं चर्च, संत ब्रिजिटचं. सांगितल्यावर फोनवरूनच नमस्कार केला तिने.

सातारकर: क्लेअरमध्ये राहतो. शेजारच्या कुरणात मधोमध गोल बांध आहे, जुना लिस, म्हणजे जुन्या गढीचा बांध, पऱ्यांची जागा मानतात. ट्रॅक्टर वळसा घालून जातो, त्यावरच्या काटेरी झाडाला कुणी कोयता लावत नाही. १९९९ मध्ये लाटूनला रस्त्याच्या कामात असंच झाड जाणार होतं, कथेकरी एडी लेनिहान यांनी आवाज उठवला, झाड राहिलं.

रानजाई: आमची देवराई अशीच! वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही.

मालवणी: मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू. ऑफिसात 'कर'चा अर्थ विचारतात तेव्हा मी लिओ वराडकरांचं उदाहरण देतो. आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. डिसेंबर २०१९ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान असताना आले होते गावात. आयरिश लोकांचं आडनाव कुळावरून, आपलं गावावरून, एवढं सांगितलं की लगेच पटतं.

पुस्तककिडा: १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या शाळेतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून अशा गोष्टी ऐकून वहीत उतरवल्या. डूखस (duchas.ie) या लोककथांच्या साइटवर आहेत. आमच्या टाउनलँडचं (इथली वाडीसारखी छोटी वस्ती) पान निघालं, रेघारेघांचं, पोराच्या टपोऱ्या अक्षरातलं. मुलीला वाचून दाखवलं, तर ती आता आजीला फोन लावून बसलीय.

किल्डेअरची_सून: मालवणी, कोकम कुठून आणता हो?

मालवणी: आईच्या बॅगेतून. पुढच्या महिन्यात येतेय, जास्त आणायला सांगतो.