हाफ-लाइफचा पुढचा भाग कसा हवा? आपापले अनुभव लिहा

हाफ-लाइफ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला 'हाफ-लाइफ २: एपिसोड टू' २००७ मध्ये ऐन मोक्यावर संपला. २०२०चा 'अलिक्स' देखणा आहे, पण तो व्हीआरवर (म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचा) आणि गोष्ट 'हाफ-लाइफ २'च्या आधीची. नायक गॉर्डन फ्रीमनची गोष्ट पुढे न्यायची तर खेळात आणि ग्राफिक्समध्ये काय हवं? नुसती मागण्यांची यादी नको. खेळताना कुठे अंगावर काटा आला ते आधी सांगा.

मीच सुरुवात करते. 'हाफ-लाइफ २'मधल्या सिटी १७ या शहराच्या स्टेशनवर एक शिपाई रिकामा कॅन खाली पाडतो आणि कचऱ्यात टाक म्हणून दरडावतो. मी कॅन उचलून त्यालाच फेकून मारला. दंडुका खाल्ला, पण या जगातली वस्तू हातात घेता येते हे त्या एका क्षणात कळलं, आणि इथलं राज्य कसलं आहे तेही. नवीन भागात जे दिसेल ते हाताळता यावं, एवढंच माझं मागणं.

नाशिक
पूर्ण अनुमोदन! आमच्याकडे रेव्हनहोम, म्हणजे 'हाफ-लाइफ २'मधलं झॉम्बींचं गाव, सगळे रात्री दिवे घालवून खेळायचे. गोळ्या संपत आलेल्या, आणि वस्तू ओढून फेकणाऱ्या ग्रॅव्हिटी गनने भिंतीत रुतलेलं करवतीचं पातं खेचून झॉम्बीवर सोडायचं. पातं त्याला कापून मागच्या लाकडात घुसायचं, की पुन्हा ओढून घ्यायचं. २००४ मध्ये हॅवॉक फिजिक्सच्या (वस्तू खऱ्यासारख्या पडाव्या-आदळाव्यात यासाठीच्या सॉफ्टवेअरच्या) जोरावर हे जमलं. आता लाकूड रेषेवर चिरलं पाहिजे, काच फुटली की तिचे तुकडे तिथेच राहिले पाहिजेत. मोडतोड पाच सेकंदांत गायब झाली की सगळा जीव जातो.

न्यू जर्सी
अलिक्समधला जेफ कुणाला भेटला का? आंधळा आहे, आवाजावर येतो. त्याच्या आसपासच्या हवेने खोकला येतो, म्हणून खरोखर हात तोंडाशी धरायचा आणि दुसऱ्या हाताने दार उघडायचं. वाटेत बाटल्या. एक जरी पडली तरी संपलं. हा प्रसंग माऊस-कीबोर्डवरही तितकाच दमवणारा करता आला पाहिजे. हेडसेटची सक्ती नको, माझ्या बायकोला दहा मिनिटांत गरगरतं.

पुणे, अ‍ॅनिमेशनच्या कामात
चेहऱ्यांबद्दल कुणीच बोलत नाही! मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या संशोधनाच्या आधारावर 'हाफ-लाइफ २'मधले चेहरे हलवले होते. त्यातली गॉर्डनची साथीदार अलिक्स वडिलांकडे बघते आणि मग आपल्याकडे, तेव्हा ओठांच्या आधी डोळे बोलतात. आज त्वचेची छिद्रंसुद्धा मोजता येतात, तरी बरीच पात्रं आपल्या कपाळाकडे बघून बोलतात. नव्या भागात मी पहिला खर्च नजरेवर करेन, प्रकाशकिरणांच्या परावर्तनावर नंतर.

सोलापूर
माझं म्हणणं थोडं वेगळं. आमच्या घरचं मशीन जुनंपुराणं होतं. 'हाफ-लाइफ २' डायरेक्टएक्स ७च्या, म्हणजे तेव्हाही जुन्या असलेल्या, ग्राफिक्स कार्डवरही चालायचा. पाणी साधं दिसायचं, पण कालव्यात विटा ठेवून फळी झुकवायचं कोडं तसंच्या तसं. फिजिक्स शाबूत ठेवा आणि सावल्या कमी करायची मुभा द्या. तसं झालं नाही, तर माझ्यासारखे निम्मे लोक गेम दुसऱ्याच्या व्हिडिओत बघणार.

ठाणे
'हाफ-लाइफ २'मध्ये वाळूत पाय पडला की अँटलायन नावाचे मोठे किडे बाहेर येतात, म्हणून फळ्या आणि पत्रे पुढे टाकत जायचं, ते आठवतं? 'हाफ-लाइफ २'वरच्या २०२४च्या माहितीपटात रद्द झालेल्या एपिसोड थ्रीची बर्फाची बंदूक दाखवली आहे. ती द्या. पुढ्यात बर्फ गोठवत पूल बांधायचा आणि मागचा वितळत असताना पळायचं.