मदत हवी आहे: सर्च रिपोर्टमधलं लॅटिन कोणी मराठीत सांगेल का?

नमस्कार मंडळी. सातारा साइडला एक छोटा एनए प्लॉट घेतोय, इसारा म्हणून एक लाख देऊन बसलोय (हो, सर्च रिपोर्टच्या आधी दिले, त्यावरून घरी बोलणी खाऊन झालीयेत, इथे परत नको). आता वकिलांचा सर्च रिपोर्ट (जागेचे जुने कागद तपासून देतात तो) आलाय आणि शेवटच्या पानावर लिहिलंय की विकणाऱ्याच्या बहिणीचा वाटणीचा दावा चालू आहे, सबब व्यवहारास 'लिस पेंडन्स' लागू, खरेदीदार 'बोना फाइड परचेसर' ठरणार नाही, 'कॅव्हिएट एम्प्टर'. वकीलसाहेब लग्नाला गावी गेलेत, फोन उचलत नाहीत. एजंट म्हणतो काही होत नाही हो, बहिणीने हाच दावा आधी एकदा लावला होता तो निघाला, आता 'रेस ज्युडिकेटा' आहे, दुसरा टिकतच नाही. इतक्या ठसक्यात रेस ज्युडिकेटा म्हणाला की मी गप्पच बसलो.

मला बोनाफाईड म्हणजे शाळेतून पाससाठी आणायचो तेवढंच माहितीये. आणि कॅव्हेट कोर्टात लावतात ना, मग ते बहिणीने लावलंय की आम्ही लावायचं? पुढच्या आठवड्यात खरेदीखत करू म्हणून मागे लागलेत, प्लीज सांगा.

जुना_कारकून:
वकील नाही, पण दिवाणी कोर्टात नोकरी झाली. लिस म्हणजे दावा आणि पेंडन्स म्हणजे लटकलेला, आपण म्हणतोच की दावा लटकलाय. दावा चालू असताना मिळकत विकली तर विक्री रद्द होते असं बरेचजण सांगतात, तसं नाही, खरेदीखत होतं, पण कोर्ट शेवटी जे ठरवेल ते विकणाऱ्याइतकंच तुम्हालाही बांधतं. उद्या बहिणीचा हिस्सा निघाला तर तो तुमच्या प्लॉटमधूनही जाऊ शकतो. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट १८८२, कलम ५२. आपल्याकडे त्यात एक मेख आहे, १९३९ ची मुंबई दुरुस्ती, त्यात दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेली असण्याची अट आहे. तेव्हा ती नोटीस नोंदवलीये का आणि तुमच्या प्लॉटला ती अट कशी लागते हे वकिलांना आधी विचारा.

पण नोंदवली नसली तरी उड्या मारू नका. बोना फाइड म्हणजे प्रामाणिकपणे, दोष माहीत नसताना पैसे मोजून घेणारा. तुम्ही रिपोर्ट वाचलात तिथेच ते संपलं.

कॅव्हिएट म्हणजे 'सावध राहावं', एम्प्टर म्हणजे घेणारा. कोर्टात लावतात ते वेगळं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ, मला ऐकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका असा अर्ज, तो ९० दिवस चालतो. तुम्हाला त्याची आत्ता गरज नाही.

ओसरीवरचा:
एजंटला विचारा, दावा 'निघाला' म्हणजे नेमकं काय झालं? सगळा घोळ त्या शब्दात आहे. रेस ज्युडिकेटा म्हणजे ज्याचा न्याय होऊन गेलाय ती गोष्ट, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११. तेच पक्षकार, तोच मुद्दा, आणि कोर्टाने तो ऐकून कायमचा निकाल दिलेला पाहिजे. तारखेला कोणी हजर नव्हतं म्हणून दावा काढून टाकला असेल तर ऐकलंय कुठे? तशा दाव्यानंतर पुन्हा दावा लावायला त्याच संहितेतल्या ऑर्डर ९ ची वेगळी अडचण असते, पण मिळकत एकत्र आहे तोवर वाटणी मागायचा हक्क जिवंत राहतो, म्हणून वाटणीच्या दाव्यात कोर्टं सहसा ती आडवी येऊ देत नाहीत.

थोडं अवांतर, पण हे काही फक्त लॅटिनवाल्यांचं नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या चार उत्तरांपैकी एक 'प्राङ्न्याय' आहे, म्हणजे तू यात आधीच हरलायस, परत कशाला आलास. १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये (इंग्रजांच्या काळचं सगळ्यात वरचं कोर्ट) सर लॉरेन्स जेन्किन्सने (आधी मुंबईचा चीफ जस्टिस होता) रेस ज्युडिकेटावर निकाल देताना विज्ञानेश्वर आणि नीलकंठ या जुन्या धर्मशास्त्रकारांचा दाखला दिलाय. एजंटने प्राङ्न्याय म्हटलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, कुठला न्याय, कधी झाला. लॅटिन म्हटलं की माणूस गप्प बसतो.

ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा, जुना दावा बहुतेक सापडेल.

धागाकर्ता:
सापडला! 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट' लिहिलंय, म्हणजे गैरहजेरीच ना? एजंटला स्क्रीनशॉट पाठवला, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. खरेदीखत तर थांबवलं. इसारा पावतीवर 'टायटल निर्वेध असल्यास' असे शब्द आहेत, तेवढ्यावर एक लाख परत मागता येतील का?

जुना_कारकून:
हो, गैरहजेरीच. पैसे मागता येतील. घेणाऱ्याने सावध राहावं हे खरं, पण जमिनीच्या व्यवहारात ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा टायटलमधला दोष त्याने सांगायचाच असतो. तो म्हणेल दावा शोधला की सापडतो, म्हणून तुमचा भर पावतीतल्या त्या शब्दांवर ठेवा. फोनवर बोलत बसू नका, वकिलाकडून लेखी नोटीस द्या. पावतीचा फोटो टाका इथे, नावं झाकून.