रूथ आणि नामी – निःस्वार्थ प्रीती फक्त सुनेनेच करायची का?

पहाटतारा: सलाम सगळ्यांना. पुढच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्त्रियांच्या सभेत मला 'कुटुंबातली निःस्वार्थ प्रीती' यावर बोलायचंय, सगळ्या म्हणाल्या रूथ घे, म्हणजे बायबलमधली ती विधवा सून जी विधवा सासू नामीला सोडून गेली नाही. पण लहानपणापासून रूथवर जेवढे संदेश ऐकलेत त्यांचा शेवट ठरलेला, सुनांनो रूथसारख्या व्हा. माझ्या ओळखीतल्या एका विधवा बाईला सासरच्यांनी रूथचंच वचन दाखवून माहेरी जाऊ दिलं नाही, तेव्हापासून मनात टोचतंय. पवित्र शास्त्र, आपलं बायबल, खरंच असं शिकवतं का की एकीने देत राहायचं आणि बाकीच्यांनी घेत राहायचं?

मोगरा: ताई रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय सावकाश वाच. रूथ 'तुमचे लोक ते माझे लोक' म्हणते ती १६ व्या वचनात, त्याआधी ८ व्या वचनापासून नामी काय करतेय बघ. नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, मवाब या परक्या देशात दहा वर्षं काढून म्हातारी रिकाम्या हाताने आपल्या गावी बेथलेहेमला निघालीये, सोबतीला रूथ आणि अर्पा या दोन विधवा सुनाच. आणि तीच म्हणते पोरींनो आपापल्या माहेरी जा, परमेश्वर तुम्हाला पुन्हा घर देवो. एकदा नाही, परत परत म्हणते. स्वतःचं काय होणार याचा विचार बाजूला ठेवून तिने आधी सुनांना मोकळं केलं, म्हणून रूथचं राहणं मनापासूनचं आहे. तुझ्या ओळखीच्या बाईला तो दरवाजाच उघडून दिला नाही ना, मग तिथे रूथचं वचन लागू कसं होईल?

शेतमळा: पटलं, पण नामी काही पूर्ण वेळ अशी नाहीये. गावात पोचल्यावर बायकांना सांगते मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी आणलं, आणि सून तिच्यासोबत आलीये! दुःखात माणसाला जवळचं माणूस दिसत नाही. रूथ यावर उलट बोलल्याचं कुठे लिहिलेलं नाही, दुसऱ्या अध्यायात ती सरळ जवाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचायला जाते. माझी आजी ज्वारीच्या रानात सरवा वेचायची, दिवसभर वाकून ओंजळ ओंजळ गोळा करायचं, कंबर मोडते. बायबलच्या लेवीय पुस्तकात १९ व्या अध्यायात आज्ञाच आहे की शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेलं उचलू नका, गरिबांना आणि परक्यांना राहू द्या. रूथ तर मवाबी, म्हणजे परकीच. आणि मला सगळ्यात आवडतं ते रूथ २:१४. दुपारी शेताचा मालक बवाज, नामीच्या नवऱ्याचा नातलग, तिला हुरडा देतो, ती पोटभर खाते आणि उरलेला संध्याकाळी सासूला नेऊन देते. पोटभर खाल्ला असं स्पष्ट लिहिलंय, उपाशी राहून नाही दिला. आमच्याकडे घरातल्या बायका सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खातात आणि त्याला आपण प्रीती म्हणतो, मला ते शास्त्रात सापडत नाही.

जुना_वाचक: दोन गोष्टी सांगतो ताई. एक, अर्पा, नामीची दुसरी सून. ती रडली, सासूचा मुका घेतला आणि परत गेली, शास्त्र तिला एका शब्दानेही दोष देत नाही, दोष आपले प्रचारक देतात. दुसरं, पुरुषांना सोडू नका. चौथ्या अध्यायात बवाजपेक्षा जवळचा एक नातलग आधी नामीची जमीन घ्यायला तयार होतो, पण सोबत रूथचीही जबाबदारी आहे म्हटल्यावर माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरतो. बवाज पुढे येतो. आणि मार्कच्या शुभवर्तमानात ७ व्या अध्यायात प्रभू येशू कोणाला झापतो? आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं सांगून हात वर करणाऱ्या मुलांना मोकळीक देणाऱ्या परूशी आणि शास्त्री या धर्मपुढाऱ्यांना. म्हाताऱ्या आईबापांना बघायचं काम आपण सुनेवर ढकलून मोकळे होतो, ते मुलाचंही आहे हो.

पहाटतारा: खूप आभार सगळ्यांचे. मी ८ व्या वचनापासूनच सुरू करते आणि सभेत सासवा पण असतात तर त्यांच्यातल्याच एकीला ते मोठ्याने वाचायला सांगते. वेळ २० मिनिटंच मिळते, काय गाळू?

शेतमळा: चौथा अध्याय थोडक्यात सांगा. हुरडा गाळू नका.