शब्दचर्चा : ‘तोंडाला काळं फासणे’, ‘साचा’, ‘सोंग’ – विनोदी सिनेमातल्या वंशाच्या थट्टेला मराठीत काय म्हणावं?

पांझराकाठ
धुळ्यात जुन्या विनोदी चित्रपटांचं एक सत्र आहे. ‘पडोसन’ (१९६८), ‘द पार्टी’ (१९६८) आणि ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४). एकपानी पत्रक मराठीत हवंय आणि निवडक प्रसंगांना सबटायटल. जमलं तर काही ओळी अहिराणीत. मसुद्यातले शब्द असे: स्टिरिओटाइपला ‘रूढ प्रतिमा’, ब्लॅकफेसला ‘तोंडाला काळे फासणे’, पॅरडीला ‘विडंबन’, रेशियल ह्यूमरला ‘वर्णद्वेषी विनोद’. चारही शब्द खटकताहेत. जाणकारांनी सुचवावं.

कळण्याची भाकरी
भाऊ, दुसरा शब्द आधी काढा. मराठीत काळं फासणारा एक आणि तोंड दुसऱ्याचं असतं. तेही त्याच्या मर्जीविरुद्ध, त्याची बेअब्रू करायला. मोर्चाच्या बातमीत तो शब्द चपखल बसतो. ब्लॅकफेसमध्ये नट स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड रंगवतो, त्याचे पैसे घेतो, आणि बेअब्रू होते ती सभागृहात नसलेल्या तिसऱ्याच माणसांची. तुमचं वाक्य वाचून लोकांना वाटेल, नटाला कुणीतरी धरून काळं फासलं.

याला आपल्याकडे शब्द आहे, ‘सोंग’. सोंग घेतात, आणतात, काढतात, वठवतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतोच. म्हणून ‘काळ्या माणसाचं सोंग’ म्हणा. ‘द पार्टी’त पीटर सेलर्स हा इंग्रज नट तपकिरी रंग लावून भारतीय झालाय, तिथे ‘भारतीयाचं सोंग’. ‘व्हाइट चिक्स’मध्ये (२००४) एफबीआयचे दोन कृष्णवर्णीय अधिकारी गोऱ्या तरुणी बनतात, तिथे ‘गोरीचं सोंग’. तिन्हीकडे एकच शब्द चालतो, वर कोण कुणाचं सोंग घेतंय हे लिहावंच लागतं. ‘ब्लॅकफेस’ म्हटलं की तेवढं सांगायचं राहून जातं.

पत्रकात दोन ओळी इतिहासाला द्या, नाहीतर ‘एवढं काय त्यात, मेकअपच तर आहे’ हा प्रश्न येणारच. अमेरिकेत १८३०च्या दशकापासून गोरे नट बूच जाळून त्याची काजळी पाण्यात किंवा चरबीत कालवून तोंडाला लावत. ओठांभोवतीची जागा मोकळी ठेवत किंवा पांढऱ्या-लाल रंगाने रुंद करत. लांबून डोळे आणि तोंड एवढंच दिसे. त्यातल्या टी. डी. राइसच्या पात्राचं नाव ‘जिम क्रो’. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळं बसवण्याच्या, वेगळं ठेवण्याच्या कायद्यांना हेच नाव चिकटलं. सोंगाचं नाव कायद्याला लागलं, म्हणजे थट्टा किती खोल गेली होती बघा.

गिरणाकाठ
‘रूढ प्रतिमा’ पुस्तकी आहे आणि चुकीचं चित्र उभं करते. प्रतिमा म्हणजे भिंतीवर टांगलेली तसबीर. स्टिरिओटाइप हा मुळात छापखान्यातला शब्द आहे. खिळे जुळवून झालेल्या पानाचा साचा घेऊन त्यात शिसं ओतायचं आणि जी अखंड पाटी निघेल तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. एक अक्षर बदलायचं तरी पाटी कापून जोडावी लागे. माणसांबद्दलच्या ठराविक समजुतींना हा शब्द वॉल्टर लिपमनने १९२२मध्ये लावला. तेव्हा ‘साचा’, ‘साचेबंद’, ‘छापातला’ हेच जवळचे. ‘ठोकळेबाज’ मात्र नको. ठोकळेबाज पात्र म्हटलं की लेखक आळशी एवढाच अर्थ निघतो, पूर्वग्रह त्यात येत नाही.

मालेगावला पत्रक पाठवणार असाल तर एक काळजी घ्या. तिथे यंत्रमागालाच ‘साचा’ म्हणतात. ‘विनोदाने साचा मोडला’ असं वाचलं तर लोक आधी विचारतील, कुणाचा? तिथे ‘साचेबंद’ लिहा, म्हणजे घोटाळा टळेल.

पत्रकात साच्याचे सुटे भाग दाखवा. ‘पडोसन’मधला मेहमूदचा मास्टर पिल्लई घ्या. शेंडी, कपाळावर गंध, कंबरेला वेष्टी, हेल काढलेली हिंदी आणि मधूनमधून ‘अय्यो’. यातला एकेक भाग मनातल्या मनात काढून बघा. गंध काढलं तरी पिल्लई उरतो, वेष्टीऐवजी पायजमा घातला तरी उरतो. बोलण्यातला हेल काढला की संपला, उरतो तो साधा संगीतशिक्षक. म्हणजे साच्याचा कणा बोलणं आहे, रंग आणि कपडे ही वरची सजावट. आपल्या ‘यंडुगुंडू’ शब्दाचंही तेच. चार भाषांचं मिळून एकच न कळणारं बोलणं. मल्याळी की तेलुगू, याच्याशी त्या शब्दाला घेणंदेणं नाही.

आणखी एक. ‘एक चतुर नार’च्या जुगलबंदीत गाणं खरोखर येणारा माणूस पिल्लईच आहे. समोरचा नुसते ओठ हलवतो, लपून गातो त्याचा दोस्त. तरी हरतो पिल्लई आणि प्रेक्षक टाळ्या देतात लबाडीला. इथे ‘गंमत’ हा शब्द अपुरा पडतो, ‘टिंगल’ लिहा.

सातपुडा
‘वर्णद्वेषी विनोद’ तिन्ही चित्रपटांना सरसकट लावलात तर पत्रकच खोटं ठरेल. द्वेष हा आरोप आहे, प्रकार नव्हे. प्रकार सांगायचा तर ‘वंशावरून केलेला विनोद’ असं लांब लिहा. ‘वांशिक विनोद’ आखूड आहे, पण रोजच्या बोलण्यात वंश म्हटलं की वंशाचा दिवाच डोळ्यांपुढे येतो. ‘वर्ण’ तर दुधारी आहे. एकीकडे कातडीचा रंग, दुसरीकडे चातुर्वर्ण्य. अमेरिकेच्या संदर्भात ‘वर्णभेद’ चालतो, वर्तमानपत्रांनी रुळवलाय. पिल्लईला तो लावू नका. तिथे प्रांत आणि भाषेवरून थट्टा आहे.

शिव्यांबद्दल वेगळं सांगतो. ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये काळ्या लोकांसाठीची ती हलकी शिवी पदोपदी येते. तिला मराठी प्रतिशब्द शोधताना काहीजण आपल्याकडचं जातीवाचक नाव घालतात, जोर यावा म्हणून. अजिबात करू नये. एक तर दोन्हींचा इतिहास वेगळा. दुसरं, १९८९च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या देशात आपण हे जाहीर पडद्यावर दाखवणार आहोत. ‘काळ्या’ एवढंच ठेवा, आवाज ऐकून तिरस्कार कळतो. ‘हबशी’ही नको. मलिक अंबरच्या संदर्भात तो इतिहासाचा शब्द आहे, सबटायटलमध्ये तो नुसता जुनाट आणि हिणवणारा वाटेल.

पांझराकाठ
‘सोंग’ आणि ‘साचा’ घेतले. ‘अण्णा’चं काय करू? पत्रकात ‘सिनेमातला अण्णा’ असा उपमथळा होता.

कळण्याची भाकरी
मुंबईत अण्णा म्हटलं की इडलीवाला नाहीतर दाक्षिणात्य गुंड. खान्देशात अण्णा, आप्पा, नाना, आबा ही घरातल्या नाहीतर गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची नावं. धुळ्याच्या वाचकाला वाटेल, आपल्याच कुण्या अण्णांवर लेख आहे. उपमथळा ‘सिनेमातला मद्रासी’ करा, अवतरणात. त्या शब्दातच अख्खी दक्षिण एका पोत्यात भरण्याची खोड आहे, वेगळं सांगावं लागत नाही.

बोरीकाठ
अहिराणी ओळींचा विषय निघालाय म्हणून लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

‘ब्लेझिंग सॅडल्स’मधला नेमका प्रसंग असा. गोऱ्यांच्या गावात बार्ट हा काळा शेरीफ नेमून येतो. सगळं गाव बंदुका रोखतं. तो स्वतःचंच पिस्तूल स्वतःच्या मानेला लावतो आणि दोन आवाजांत बोलतो. एक दरडावणारा, ‘कुणी हलला तर या काळ्याला उडवीन’ अशा थाटाचा. दुसरा भेदरलेला, गयावया करणारा, थेट त्या काजळी फासलेल्या जुन्या सोंगातला. स्वतःच स्वतःला ओलीस धरतो आणि गाव फसतं. गावाच्या डोक्यात काळ्या माणसाचे दोनच साचे आहेत, धोकादायक आणि भित्रा. तो दोन्ही वापरतो आणि निसटतो.

आता हमखास होणारी चूक बघा. अनुवादक भेदरलेल्या आवाजाला ‘गावरान’ करतो. धुळ्यात दाखवायचं म्हणून अहिराणी: ‘मारी टाकी हाऊ माले!’ (हा मला मारून टाकील!) हशा नक्की येईल, पण तो अहिराणीला येईल. मूर्ख ठरायला हवं फसलेलं गाव, ठरतो अहिराणी बोलणारा. जो साचा चित्रपट मोडतोय तोच आपण आपल्याच बोलीवर घालून परत देतो. मराठी सिनेमाने हे वर्षानुवर्षं केलंय. नायक प्रमाण बोलणार, गडी आणि विनोदी पात्र ‘व्हय जी, म्या न्हाई’ बोलणार. मग ते पात्र साताऱ्याचं असो, नाहीतर शिरपूरचं.

करायचं असेल तर उलटं करा. बार्टचे दोन्ही आवाज साध्या मराठीत ठेवा. दरडावणीला तीन-चार शब्दांची तुटक वाक्यं, गयावयेला अडखळत, तेच शब्द पुन्हा पुन्हा. आणि अहिराणी द्या गावकऱ्यांना, सगळ्यांना. ती त्या गावाची घरची बोली होईल. सभागृहातली बोलीही तीच असणार, म्हणजे फसलेल्या गावात प्रेक्षक आपसूक बसतो. मूळ चित्रपट अमेरिकेतल्या गोऱ्या प्रेक्षकाला हेच करतो.

पण अहिराणी खरी हवी. नकली ओळखायची खूण सोपी आहे. प्रमाण वाक्याच्या शेवटी नुसतं ‘शे’ चिकटवलेलं असतं. ‘मी घरी जात शे’ असं कुणी बोलत नाही. ‘मी घर जाई ऱ्हायनू’. ‘तू काय करी ऱ्हायना?’ मला नाही, ‘माले’. जामनेर-भुसावळकडच्या पात्राला हे देऊ नका, तिकडे ‘काय करून ऱ्हायला’ या वळणाचं बोलणं आहे. आणि अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा तो ‘डोया’. याच नियमाने काळा तो ‘काया’. लेखी सबटायटलमध्ये ‘हाऊ काया माणूस’ वाचताना प्रमाण वाचकाला आधी शरीर आठवतं, अर्थ लागेपर्यंत ओळ निघून जाते. या एका शब्दापुरतं ‘काळा’ लिहा, बोलीचा आग्रह सोडा.

गिरणाकाठ
बोरीकाठ आप्पांना अनुमोदन. ‘विडंबन’बद्दल राहिलं होतं. मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे त्यांच्याच चित्रपटात यंत्रमागावर काम करणारा हडकुळा तरुण सुपरमॅन झाला. याला कुणी ‘नक्कल’ म्हणतं, कुणी ‘विडंबन’. नक्कलेत मूळ माणूस जितका हुबेहूब तितकी दाद. विडंबनात मूळ ओळखू यावं आणि तरी जागोजागी निसटावं. सुपरमॅन ओळखू येतो तो पोशाखामुळे, निसटतो तो शरीरयष्टीमुळे. हसू येतं ते त्या दोहोंमधल्या अंतराचं. शिवाय इथे सोंग घेणारा खालचा आणि ज्याचं घेतलं तो वरचा. ‘पडोसन’मध्ये ही उतरंड उलटी आहे. तुमच्या तिन्हींपैकी खरं विडंबन एकच, ‘ब्लेझिंग सॅडल्स’, तेही वेस्टर्नपटांचं, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटांचं. बाकी दोन ‘सोंगाचे विनोदपट’.

सातपुडा
‘द पार्टी’ला मात्र मी टिंगल म्हणणार नाही. सेलर्सने वठवलेला बक्षी धांदरट आहे, पण त्या घरात सभ्य वागणारा जवळपास तोच. बावळट ठरतात हॉलिवूडचे बडे पाहुणे. सोंग आक्षेपार्ह आणि रोख योग्य, असं दोन्ही एकाच चित्रपटात असू शकतं. पत्रकात दोन वेगळी वाक्यं करा, एकात कोंबू नका.

जाता जाता, सोंगाच्या यादीत कुणीतरी काठी गावची होळी घालेल म्हणून आधीच सांगतो. अक्कलकुवा तालुक्यात राजवाडी होळीला बावा-बुध्या अंगावर राखेची, तांदळाच्या पिठाची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कंबरेला घुंगरं. ते दुसऱ्या कुणाचं सोंग नाही, त्यांचं स्वतःचं व्रत आहे. हिंदी सिनेमात पाला गुंडाळून, अंगाला काळा रंग लावून ‘झिंगालाला’ करत येतो तो साच्यातला आदिवासी. दोन्हीकडे रंग आहे म्हणून दोन्ही एका परिच्छेदात आणले तर नंदुरबारच्या माणसाला ते लागेल, आणि लागायलाच हवं.

पांझराकाठ
पत्रकाच्या ओळी अशा केल्या: ‘द पार्टी – इंग्रज नटाने घेतलेलं भारतीयाचं सोंग. सोंग खटकतं, विनोदाचा रोख यजमानांवर आहे.’ ‘पडोसन – दक्षिणेतल्या संगीतशिक्षकाचा साचा आणि त्याची टिंगल.’ ‘ब्लेझिंग सॅडल्स – वेस्टर्नपटांचं विडंबन. साचा वापरून गावाला फसवणारा शेरीफ.’ सबटायटलची एक ओळ ४२ अक्षरांची धरलीय, दोन ओळी.

कळण्याची भाकरी
पत्रक ठीक. पहिल्या वाक्यात ‘यजमानांवर’ऐवजी ‘बड्या पाहुण्यांवर’ घ्या, सातपुडांनी तेच म्हटलंय. ४२चं जरा तपासा. सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘दक्षिणेतला संगीतशिक्षक’ डोळ्यांना अकरा अक्षरं दिसतात, मोजणीत मधल्या जागेसह २२ भरतात. तुम्ही बोटावर मोजून ४२ धरलीत तर ओळ पडद्याबाहेर जाईल. बोटावर २० ते २२च्या आत ठेवा. अहिराणीच्या ओळी त्याहून थोड्या आखूड, कारण ती छापलेली वाचायची सवय कमी, डोळा अडखळतो.