चाकाचा एक नट नाही, गाडी चिपळूणला न्यावी का?

प्रेषक: अनघा (सध्या मुलुंड)

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर मुंबईला आले आहे. शनिवारी पहाटे बाबांची वॅगन-आर घेऊन आम्ही चौघं गणपतीला चिपळूणला निघतोय. आज गाडी धुताना डावीकडच्या पुढच्या चाकाची टोपी काढली, तर चारपैकी एक नट जागेवर नाही. स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, तसाच आहे, नट गायब. जूनमध्ये टायर बदलले, त्यानंतर ते चाक कुणी उघडलेलं नाही.

बाबा म्हणतात, तीन आहेत की! शिवाय गणपतीच्या तोंडावर गॅरेजवाले उभं करून घेत नाहीत. मला मात्र धीर होत नाही. आपल्या या ईमेल-यादीवर गाड्यांमधले जाणकार आहेत, म्हणून विचारते. खरंच किती धोका आहे?

प्रेषक: मंदार

अनघा, माझ्या गाडीला दर चाकाला पाच नट आहेत. एक पडला होता तेव्हा मी आठवडाभर तशीच ऑफिसला नेली, काही झालं नाही. वेग साठच्या आत ठेवा आणि गावाला पोचल्यावर बसवून घ्या. विनायककाका, तुम्ही काय म्हणाल?

प्रेषक: विनायककाका

अनघा, गाडी शनिवारी अशी काढू नकोस. बाबांनाही माझं नाव घेऊन सांग.

मंदार, पाचातला एक जाणं आणि चारातला एक जाणं सारखं नाही. पाच नटांच्या चाकाचा एक गेला तर हळूहळू जवळचं गॅरेज गाठावं, त्यापुढे नाही. चारातला एक गेला की पकड एक चतुर्थांश कमी होते, आणि ती एकाच बाजूने कमी होते. अशी गाडी मी कोपऱ्यावरच्या टायरवाल्यापर्यंत नेईन, तेही उरलेले तीन पान्याने आवळून पाहिल्यावरच.

पुष्कळांना वाटतं की चाक स्टडवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम (चाकाचा धातूचा भाग) हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागावर, दाबून धरली जाते. १२ मिलिमीटरचा एक नट नीट आवळला तर अंदाजे चार टनांचा दाब देतो. गाडीचा भार पेलते ती या दाबाने होणारी घट्ट पकड. एक नट नसला की त्या जागी रिम सूक्ष्म हलू लागते, आणि शेजारचे दोन स्टड दर फेरीला वाकतात आणि सरळ होतात. वॅगन-आरचं चाक किलोमीटरला साडेपाचशेहून जास्त फेऱ्या मारतं. मुलुंड ते चिपळूण धरलंस तर सव्वा लाखाच्या वर. लोखंड असंच थकून तुटतं, आणि पहिला स्टड तुटल्यावर बाकीचे फार वेळ टिकत नाहीत. त्यात पावसाळ्यातले खड्डे आणि घाटातली वळणं. मंदारचं काही झालं नाही याचा मला आनंद आहे, पण त्यावरून चौघांचा प्रवास ठरवू नये.

त्याहून मला काळजी वेगळी आहे. तो नट मुळात गेलाच कशामुळे? नीट आवळलेला नट आपोआप पडत नाही. जूनमध्ये टायर बदलले म्हणतेस, म्हणजे बहुधा तेव्हाच काहीतरी झालं. एक तर नट हाताने चढवून ठेवला आणि आवळायचा राहिला, नाहीतर वाकडा चढला असताना गनने, म्हणजे नट आवळायच्या यंत्राने, रेटला आणि स्टडचे आटे गेले. दुसरं असेल तर नुसता नवा नट लावून भागणार नाही, स्टड बदलावा लागेल. म्हणून चाक उतरवून चारही स्टड, रिमची चारही भोकं आणि हबचा पृष्ठभाग पाहायला सांग. भोक लांबट झालं असेल किंवा त्याच्या कडेला गंजाची रेघ ओघळलेली दिसली, तर चाक बरेच दिवस सैल चाललंय असं समज.

नट आणताना गाडीचं मॉडेल सांगूनच आण. मारुतीच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचं १.५. दिसायला दोन्ही सारखे. चुकीचा नट दोन-तीन फेरे छान फिरतो, मग अडतो, आणि तिथे जोर लावला की स्टड गेलाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात सहज मिळेल. तिथेच घे, चार जास्तीचे घे, गाडीत राहू देत. मागच्या चाकाचा एक काढून पुढे लावू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. चार नटांच्या गाडीत त्याने दुसरं चाक तिनावर येतं, एवढंच.

आवळण्याबद्दल. सगळे नट आधी हाताने चढवायचे, मग समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर. आट्यांना तेल-ग्रीस लावू नये, कारण त्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर (आवळायचा जोर मोजायचं एकक) लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, नसेल तर अंदाज असा: पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४० किलोचा जोर दिला की १०० होतात. पान्यावर उभं राहणारे लोक दीडशेच्या पुढे जातात आणि स्टडची वाट लावतात.

प्रेषक: शुभदा

एक कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०: रस्त्यावर धोका होईल असा दोष ठाऊक असताना किंवा साध्या काळजीने कळला असता तरी गाडी चालवली, तर तो गुन्हा आहे. अनघाला आता दोष ठाऊक आहे.

प्रेषक: अनघा

काका, तुमची मेल बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, किल्ली मात्र स्वतःच घेऊन निघाले. टायरवाल्याने चाक उतरवलं तर रिकाम्या स्टडचे आटे निम्मे गेलेले, आणि शेजारचा नट दोन बोटांनी फिरत होता! रिमची भोकं गोल आहेत. स्टड ठोकून काढला, नवा ओढून बसवला, नट चारही नवे घेतले. मी सांगेपर्यंत त्याने गन उचलली होती, पण हाताने चढवा म्हटल्यावर ऐकलं. बाकीची तीन चाकंही पाहून घेतली, ती ठीक आहेत.

प्रेषक: विनायककाका

शाब्बास. नवीन स्टड आणि नट थोडे बसतात, म्हणून ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. वडखळच्या आसपास चहाला थांबाल, तेव्हा आधी ते कर. चाक हाताला गरम लागलं तर थोडं निवू दे. वाटेत स्टिअरिंग थरथरलं किंवा डावीकडून खटखट आली तर घाट चढायच्या आधीच बाजूला घे. घरच्या गणपतीला माझाही नमस्कार सांग.