जावातला जंगली उतार, राखेची माती आणि दोन लॅबचे दोन रिपोर्ट

खाडीकिनारा

पश्चिम जावातल्या एका ज्वालामुखीच्या जंगली उतारावरचा अरुंद रस्ता रुंद करायचा आहे. डिझाइन इथे मुंबईच्या ऑफिसात चाललंय, सॅम्पल तिकडच्याच दोन लॅबनी तपासली. दीड मीटर खोलीवरचे आकडे: नैसर्गिक पाणी कोरड्या मातीच्या वजनाच्या १४० टक्के, कोरडी घनता ०.५५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, हायड्रोमीटरने क्ले (सर्वांत बारीक कण) फक्त १४ टक्के. लिक्विड लिमिट (ज्या पाण्याला माती वाहू लागते) एका लॅबचं १६०, दुसरीचं ७२. प्लॅस्टिक लिमिट (ज्याखाली ती वळताना तुटते) अनुक्रमे १०५ आणि ५८. ट्रायअॅक्सियल या ताकदीच्या चाचणीतून प्रभावी कोहेजन (मातीची चिकटण) १५ किलोपास्कल, घर्षणकोन ३६ अंश.

आपल्या खाडीच्या चिखलात ८०-९० टक्के पाणी दिसलं की लगेच पाइलची, म्हणजे खोल खांबांच्या पायाची, चर्चा सुरू होते. इथे १४० टक्के पाण्याची माती ४५ अंशांत उभी आहे आणि वर दाट जंगल. कुठली लॅब खरी? कटिंगची माती भरावाला चालेल का? आणि उताराला खरा धोका कशाचा?

ओला_नमुना

दोन्ही लॅब खऱ्या असू शकतात. आधी आकडे आपसात जुळतात का ते बघा. विशिष्ट गुरुत्व २.७ धरलं तर ०.५५ घनतेला व्हॉइड रेशो (पोकळी भागिले घन भाग) ३.९ येतो आणि १४० टक्के पाण्याला संपृक्तता (पोकळीचा पाण्याने भरलेला भाग) ९७ टक्के. म्हणजे घनता आणि पाणी दोन्ही पटण्यासारखे आहेत, टायपिंगची चूक वगैरे काही नाही.

राखेतली ज्वालामुखी काच भरपूर पावसात झिजली की अॅलोफेन आणि इमोगोलाइट ही अतिबारीक खनिजं तयार होतात. अॅलोफेनचा कण म्हणजे साधारण ५ नॅनोमीटरचा पोकळ गोळा. पाणी या गोळ्यांच्या आत आणि त्यांच्या झुबक्यांमध्ये अडकून असतं, त्यामुळे इतकं पाणी असूनही सांगाडा टिकतो. तुमचा ३६ अंशांचा कोन या मातीत अजिबात विचित्र नाही.

माती वाळली की हे झुबके आकसून घट्ट चिकटतात आणि पुन्हा पाणी घातलं तरी सुटत नाहीत. ७२ लिक्विड लिमिट देणाऱ्या लॅबने सॅम्पल वाळवून, कुटून, चाळून घेतलं असणार. आपल्याकडे आयएस २७२० चा भाग १ कोरडा नमुना तयार करण्याचाच आहे, त्यामुळे हात आपोआप वाळवायच्या ट्रेकडे जातो. या मातीला ते चालत नाही. लॅबला लेखी कळवा:

नमुना नैसर्गिक ओलाव्यातच ठेवायचा, खडे हाताने वेचायचे, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून ओलाच दाबून काढायचा. लिक्विड लिमिटचे पॉइंट ओल्याकडून कोरड्याकडे घ्यायचे. मळण्याचा वेळ सगळ्या पॉइंटना सारखा ठेवायचा, कारण मळत गेलं की माती नरम पडते. आणि मुद्दाम तीन संच करायचे: नैसर्गिक, हवेत वाळवलेला, १०५ अंशांवर ओव्हनमधला. तिघांतला फरक हीच अॅलोफेनची सर्वांत स्वस्त ओळख.

हायड्रोमीटरचे १४ टक्के बाजूला ठेवा. त्या चाचणीत कण सुटे करायला वापरतात त्या सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटने हे झुबके नीट सुटत नाहीत, क्ले तिच्याहून जाड सिल्टमध्ये मोजली जाते. मातीच्या वर्गीकरणाच्या चार्टवरही १६० लिक्विड लिमिटला क्ले आणि सिल्ट वेगळे करणारी ए-लाइन १०२ वर आहे आणि तुमचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (दोन लिमिटमधला फरक) ५५, म्हणजे शिक्का एमएच, जास्त लिक्विड लिमिटची सिल्ट. त्या शिक्क्यावरून सिल्टचे ठोकताळे लावू नका.

भराव_बघा

भरावाबद्दल. कॉम्पॅक्शनच्या स्पेकमध्ये ‘कमाल घनतेच्या ९५ टक्के’ लिहिलं असेल तर आजच काढा. ओव्हनमधून काढलेली माती भिजवत प्रॉक्टर (पाणी बदलत माती ठोकून घनता मोजण्याची चाचणी) केला तर छान शिखर असलेला वक्र मिळतो, पण ती साइटवरची माती राहिलेलीच नसते. ओल्या मातीपासून वाळवत आलं, प्रत्येक पॉइंटला ताजा नमुना घेतला, तर वक्र जवळजवळ सपाट येतो. मग ९५ टक्के कशाचे?

न्यूझीलंडमध्ये अशा मातीला निचरारहित कर्तनबल (पाणी निघून जायला वेळ न देता मिळणारी ताकद) आणि हवेची पोकळी या दोन मर्यादांवर स्वीकारतात. हातातल्या वेनने (मातीत खुपसून फिरवायचं पातं) प्रत्येक थराला वाचन घ्या. स्वीकारायचा आकडा पुस्तकातून उचलू नका, आधी चाचणी-भराव घाला आणि त्यावरून ठरवा. रुंद पट्ट्याचा हलका डोझर, मोजके पास. पायाखाली माती गादीसारखी हलायला लागली की थांबायचं. जास्त रोलर फिरवला की झुबके फुटतात, आतलं पाणी सुटतं आणि घट्ट होण्याऐवजी चिखल होतो. जड व्हायब्रेटरी रोलर आणून ‘अजून चार पास मारा’ म्हणणारा सुपरवायझर इथे सर्वांत महाग पडतो. कोरड्या महिन्यांत, साधारण जून ते सप्टेंबर, उरकता आलं तर बघा. आपल्या पावसाळ्याच्या हिशेबाने कार्यक्रम आखला असेल तर तो नेमका उलटा पडेल.

माळशेज_वळण

मध्येच एक शंका. सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीचाच ना? मग हे सगळं आपल्या घाटरस्त्यांना का लागू नाही?

बोरीची_राख

कारण सह्याद्री मुख्यतः लाव्ह्याच्या थरांचा आहे, राखेचा नाही, आणि तोही सुमारे ६.६ कोटी वर्षं जुना. अॅलोफेन ही झीज होतानाची मधली अवस्था आहे. काळ गेला की त्याचं हॅलॉयसाइट, केओलिनाइट अशा क्ले खनिजांत रूपांतर होतं. आपल्याकडे बेसॉल्टपासून पठारावर फुगणारी काळी माती आणि घाटमाथ्यावर जांभा झाला. तरुण राख महाराष्ट्रात हवी असेल तर कुकडी नदीकाठी बोरीला आहे. ती सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची मानतात, वयावर मात्र बराच वाद झाला. पण तीही नदीच्या गाळात पुरलेली, उतारावर पसरलेली नव्हे.

उलट गंमत अशी की निलगिरीत २००० मीटरच्या वर राख नसतानाही असे गुणधर्म असलेली माती सापडली आहे. तिथे अॅल्युमिनियम सेंद्रिय पदार्थाशी बांधला गेलाय. म्हणून नाव डोंगरावरून ठरवू नये, कसोटीवरून ठरवावं. अशा मातीच्या वर्गाला अँडिसॉल म्हणतात, त्याची मुख्य कसोटी: घनता ०.९ पर्यंत, फॉस्फेट धरून ठेवण्याची क्षमता किमान ८५ टक्के, आणि ऑक्झलेटच्या द्रावणात निघणारं अॅल्युमिनियम अधिक निम्मं लोह किमान २ टक्के.

साइटवर झटपट बघायचं तर १ ग्रॅम माती ५० मिली १ मोलर सोडियम फ्लोराइडमध्ये ढवळा आणि २ मिनिटांनी पीएच घ्या. ९.५ च्या वर गेला तर संशय पक्का. लिटरला ४२ ग्रॅम लागतं, ते जेमतेम विरघळतं, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, काच खरवडली जाते. मातीत चुना असला तर निकाल फसवतो. चुना तपासायला अॅसिड वेगळ्या चिमटीवर टाका, फ्लोराइडच्या भांड्यात कधीही नाही, कारण हायड्रोफ्लोरिक अॅसिड तयार होतं. हातमोजे घालाच.

उतार_आणि_मूळ

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, आणि मला तोच मोठा वाटतो. दीड मीटरची माती चांगली आहे म्हणून खाली तेच असेल असं नाही. राख एकेका उद्रेकाची थराथराने साचते. मध्ये प्युमिसचा (हलक्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा) थर असतो, तो झिजून तळाशी हॅलॉयसाइटचा मऊ पापुद्रा होतो आणि घसरण तिथून होते. ६ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपात जपानच्या होक्काइदोतल्या आत्सुमा भागात हजारो उतार असेच निसटले. सुमारे ९००० वर्षं जुना प्युमिस थर होता, वर जंगल होतं, आणि झाडं मातीसकट खाली आली. मुळं वरच्या थराला शिवून ठेवतात. घसरणीचा थर त्यांच्या खाली असला तर त्यांचा उपयोग नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या कामाच्या जास्त जवळचं. ५ मे १९९८ ला इटलीत सार्नो परिसरात चुनखडीच्या डोंगरावरची व्हेसुव्हियसची राख पावसाने सुटली आणि चिखलाचे लोंढे गावांत शिरले, सुमारे १६० माणसं गेली. अनेक लोंढ्यांची सुरुवात कड्याच्या वर किंवा डोंगरातल्या पायवाटा-रस्त्यांच्या कटिंगपाशी झाली होती. कटिंगने राखेच्या पांघरुणाचा पायथा कापला जातो आणि वरून येणारं पाणी तिथेच बाहेर पडतं.

तेव्हा बोअरहोलवर भागवू नका. रस्त्याच्या आखणीवर दर ठरावीक अंतराने खड्डा खणून, पृष्ठभाग ताजा खरवडून प्रत्येक थर नोंदवा. पांढरट-पिवळा प्युमिस आणि त्याखालचा बोटाला साबणासारखा लागणारा थर दिसला की तिथला ब्लॉक नमुना (न हलवता कापलेला ठोकळा) घ्या. कटिंगच्या वरच्या अंगाला अस्तर केलेली कॅच ड्रेन (वरून येणारं पाणी अडवणारी नाली) हवी, आणि तिचं पाणी थेट नाल्यात सोडा, भरावाच्या अंगावर नाही. कटिंगचा माल कडेवरून खाली ढकलायचा नाही, हे कंत्राटातच लिहा. हलवलेली राख उतारावर ढिगाने पडली की पहिल्या मोठ्या पावसात वाहते.

खाडीकिनारा

मोठी मदत झाली. कटिंगच्या तोंडावर गवत लावायचं आहे. तिकडच्या टीमचं म्हणणं, मागच्या वेळी उगवलंच नाही.

बोरीची_राख

फॉस्फरस. ही माती खताचा फॉस्फेट पकडून ठेवते. जंगल टिकतं ते पालापाचोळ्यातून फॉस्फरस पुन्हा पुन्हा फिरवून, आणि तुम्ही तोच थर खरवडून टाकता. वरची २०-३० सेंटिमीटर काळी माती वेगळी काढा, झाकून ओलसर ठेवा, तासलेल्या तोंडावर परत पसरा आणि वर काथ्याची जाळी मारा. सुपर फॉस्फेट विखरून टाकू नका, वाळ्याच्या प्रत्येक ठोंबाच्या मुळाशी खड्ड्यात द्या. उघडी राख एकदा कडक वाळली की पाणीच आत घेत नाही, म्हणून कटिंग आणि लावणी यांत आठवडे जाऊ देऊ नका.

ओला_नमुना

आणि पुढची सॅम्पल पाठवताना ट्यूबची दोन्ही टोकं मेणाने बंद, बाहेरून क्लिंग फिल्म आणि फॉइल, उभी, भुश्शात बसवलेली. डबलकॅब गाडीच्या मागे उन्हात दिवसभर राहिलेली ट्यूब सरळ नाकारा. लॅबच्या फॉर्मवर ‘नमुना कधीही वाळवलेला नाही’ असा रकाना टाकून सही घ्या. सही नसेल तर लिक्विड लिमिट रिपोर्टमध्ये धरूच नका.